'फॉलआउट: न्यू व्हेगास'मध्ये पहिलं कॅरॅक्टर कसं बनवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगर, जालना... आपल्याकडची पोरंपोरी हा गेम नव्यानं लावतात, गेममधल्या डॉक मिचेल या डॉक्टरच्या घरात शुद्धीवर येतात, आणि त्या लुकलुकणाऱ्या मशीनवर सात आकडे भरायची वेळ आली की अडकतात. मग फोन येतो, मेसेज येतो. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच सांगणं आहे: आपलं कॅरॅक्टर कशात कच्चं राहणार, हे आधी ठरवा. कशात पक्कं करायचं ते त्यानंतर सोपं जातं.

एवढे नवे गेम असताना 2010 चा हाच का?

पहिलं कारण मशीन. याला लागते दोन गिगाहर्ट्झचा ड्युअल कोअर प्रोसेसर, 2 जीबी रॅम आणि 10 जीबी जागा. मोठ्या भावाकडून आलेल्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. सावल्या आणि पाण्याचे इफेक्ट कमी करा, बास.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ऑब्सिडियन कंपनीनं बनवलेल्या आणि बेथेस्डानं प्रकाशित केलेल्या या गेममध्ये तुम्ही कागदावर जसा माणूस बनवता, तसंच जग त्याच्याशी वागतं. औषधांची माहिती असेल तर डॉक्टर वेगळं बोलतो, भाव करता येत असेल तर दुकानदार नरमतो. 2015 च्या 'फॉलआउट 4' मधून स्किलची ही यादीच काढून टाकली. कॅरॅक्टर घडवण्याची कला शिकायची असेल तर न्यू व्हेगासइतकी चांगली शाळा मला तरी दुसरी माहीत नाही.

गोष्ट काय आहे? गोष्ट न फोडता सांगा.

2077 साली अणुयुद्ध होऊन जग जळालं. गेम सुरू होतो 2281 मध्ये, अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात. तुम्ही कुरिअर आहात, म्हणजे सामान पोचवणारा माणूस. वाटेत तुम्हाला अडवून डोक्यात गोळी घालतात, पार्सल पळवतात आणि गुडस्प्रिंग्स गावाच्या कब्रस्तानात पुरतात. तुम्ही वाचता. पुढं कळतं, की सगळी भांडणं हूव्हर धरणासाठी चालली आहेत. धरण ज्याच्या ताब्यात, त्याचं पाणी आणि त्याचीच वीज. एनसीआर (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक हे सरकार), सीझरची लीजन (सीझर नावाच्या हुकूमशहाची फौज) आणि मिस्टर हाउस (व्हेगासचा मालक) हे तिघं त्यावर टपून आहेत.

जायकवाडीत वरून पाणी सोडायचं का नाही, यावरून दुष्काळी वर्षात काय काय होतं ते बघत मोठं झालेल्या माणसाला हे राजकारण समजावून सांगावं लागत नाही.

स्पेशलचे 40 पॉइंट कसे वाटायचे? सरळ आकडे सांगा.

सात गुण आहेत, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्पेशल' हे नाव: स्ट्रेंग्थ (ताकद), परसेप्शन (नजर), एन्ड्युरन्स (दम), करिष्मा (छाप), इंटेलिजन्स (बुद्धी), ॲजिलिटी (चपळाई) आणि लक (नशीब). प्रत्येक गुण 1 ते 10 मध्ये ठेवायचा आणि सगळ्यांची बेरीज 40. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी हे आकडे देतो:

स्ट्रेंग्थ 5, परसेप्शन 5, एन्ड्युरन्स 6, करिष्मा 3, इंटेलिजन्स 8, ॲजिलिटी 6, लक 7.

प्रत्येक आकड्याला कारण आहे.

स्ट्रेंग्थवर ओझं ठरतं: 150 अधिक प्रत्येक पॉइंटला 10. पाच ठेवले की 200 पर्यंत सामान उचलता येतं. प्रत्येक हत्याराला ठरावीक ताकद लागते. ती कमी पडली की बंदुकीचा नेम हलतो. पहिल्या दहा-बारा तासांत मिळणाऱ्या रायफली आणि पिस्तुलांना पाच पुरतात.

एन्ड्युरन्स लोक फक्त जिवासाठी घेतात. जीव त्यानं वाढतोच: 100 अधिक प्रत्येक पॉइंटला 20, म्हणून सहावर सुरुवातीला 220. पण त्याचं खरं मोल पुढं कळतं. शरीरात इम्प्लांट (गुण वाढवणारी यंत्रं) किती बसवता येतील, तेही एन्ड्युरन्सच ठरवतो. सहा असेल तर सहा इम्प्लांट. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

लकचा प्रत्येक पॉइंट क्रिटिकल (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त इजा करणाऱ्या) फटक्याची शक्यता एका टक्क्यानं वाढवतो, वर सगळ्याच स्किलची सुरुवात थोडी उचलतो. लक सात असला तर कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकमध्येही हात चांगला लागतो. व्हेगासमध्ये पोचल्यावर कॅप्सची (गेममधल्या पैशांची) पहिली मोठी कमाई तिथंच होते. ठरावीक रक्कम जिंकली की कॅसिनो तुम्हाला खेळू देत नाही, पण तोवर इम्प्लांटपुरते पैसे जमलेले असतात.

ॲजिलिटीवर व्हॅट्समधले (खेळ थांबवून नेम धरायच्या सोयीतले) ॲक्शन पॉइंट आणि बंदूक भरायचा वेग अवलंबून. सहा ठीक. परसेप्शन पाच ठेवला तरी काही बिघडत नाही.

सगळीकडं पाच-सहा ठेवले तर काय बिघडतं? म्हणजे सगळंच थोडं थोडं जमेल.

एका बोअरचं पाणी दहा एकराला फिरवलं की एकही पीक हाती लागत नाही. इथंही तसंच होतं.

या गेममध्ये 'थोडं जमतं' याला किंमत नाही. 'फॉलआउट 3' मध्ये बोलण्याचा डाव टक्केवारीवर चालायचा; नशीब असेल तर कमी स्किलवरही माणूस पटायचा. न्यू व्हेगासमध्ये सरळ उंबरठा आहे. स्पीच 50 लागतं तिथं तुमचं 49 असेल तर दार बंद. अशा ठिकाणी सहा गोष्टींत 40-40 असणारा माणूस सहाही दारांवरून परत येतो, आणि दोन गोष्टींत 60 असणारा दोन दारांतून आत जातो.

म्हणून आधी काय सोडायचं ते ठरवा. वर दिलेल्या कॅरॅक्टरला स्फोटकं जमत नाहीत, हाताची मारामारी जमत नाही, चोरपावलांनी फिरता येत नाही. हे मुद्दाम आहे.

करिष्मा 3 ठेवला तर लोकांशी बोलायचं कसं? बोलणारंच कॅरॅक्टर करायचंय ना?

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. न्यू व्हेगासमध्ये समोरच्याला पटवायचं काम स्पीच हे स्किल करतं. करिष्मा फक्त स्पीच आणि बार्टर (भाव करणं) कुठून सुरू होणार ते ठरवतो, आणि साथीदारांना थोडं बळ देतो.

हिशेब करून बघा. कुठल्याही स्किलची सुरुवात अशी निघते: 2, अधिक त्या गुणाची दुप्पट, अधिक लकचा अर्धा (अपूर्णांक आला तर वरचा आकडा). करिष्मा 3 आणि लक 7 असेल तर स्पीच येतं 2 + 6 + 4, म्हणजे 12. सुरुवातीला तीन स्किल खास म्हणून निवडता येतात, त्याला टॅग म्हणतात; टॅग केलं की 15 वाढतात: 27. गुडस्प्रिंग्समध्ये बारवाल्या ट्रूडीला गुंडांविरुद्ध गाव उभं करायला पटवण्यासाठी 25 लागतं. झालं काम. करिष्म्यात आणखी चार पॉइंट घालून फक्त आठ स्पीच मिळालं असतं, आणि ते आठ पुढं एकाच लेव्हलमध्ये भरून निघतं. गुणांमध्ये घातलेला पॉइंट मात्र सहज परत मिळत नाही.

इंटेलिजन्स 10 करू का? जो तो तेच सांगतो.

तो सल्ला 'फॉलआउट 3' च्या काळातला आहे. तिथं दर लेव्हलला 10 अधिक पूर्ण इंटेलिजन्स एवढे स्किल पॉइंट मिळायचे. इथं 10 अधिक इंटेलिजन्सचा अर्धा. आठ असेल तर 14, दहा असेल तर 15. म्हणजे आठाचे दहा केले तर 30 व्या लेव्हलपर्यंत जेमतेम 29 पॉइंट जास्त. एज्युकेटेड हा पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास क्षमता) चौथ्या लेव्हलला घेतला तर तो एकटाच पन्नासच्या वर पॉइंट देतो. त्याला इंटेलिजन्स फक्त 4 लागतो.

आठ यासाठी, की मेडिसिन, रिपेअर आणि सायन्स ही तिन्ही स्किल त्यावरच उभी आहेत.

तीन टॅग स्किल कोणती?

गन्स, स्पीच, रिपेअर.

गन्स यासाठी, की सुरुवातीच्या गावांत गोळ्या आणि बंदुका सगळीकडं मिळतात. एनर्जी वेपन्स (लेझरसारखी शस्त्रं) वाईट नाहीत, पण पहिल्या काही तासांत त्यांचा दारूगोळा शोधत फिरावं लागतं. गुडस्प्रिंग्समधली सनी स्माइल्स तुम्हाला व्हार्मिंट रायफल देते. तिच्यावर बराच पल्ला निघतो.

रिपेअर नवे लोक टाळतात. मला हे स्किल या गेममधलं सगळ्यात प्रामाणिक स्किल वाटतं. इथं प्रत्येक वस्तू झिजते. रिपेअर 50 झालं की वर्कबेंचवर डक्ट टेप, वंडरग्लू, पाना, भंगार लोखंड आणि इलेक्ट्रॉनिक भंगार वापरून वेपन रिपेअर किट बनवता येतं. म्हणजे जे सामान बाकीचे लोक कचरा म्हणून टाकून पुढं जातात, त्यावर तुमची बंदूक जिवंत राहते. आणि 90 झालं की जुरी रिगिंग हा पर्क उघडतो: साधारण एका प्रकारच्या कुठल्याही वस्तूनं दुसरी दुरुस्त करता येते. महागडं चिलखत स्वस्तातल्या चिलखतानं सांधता येतं. ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत सगळं गावातच दुरुस्त करून वापरणाऱ्या आपल्या लोकांना ही गंमत लगेच कळते.

ट्रेट घ्यावेत का? त्यात तोटाही असतो ना?

असतो. ट्रेट म्हणजे सुरुवातीलाच निवडायचा स्वभाव, एक फायदा आणि एक तोटा असलेला. दोनपर्यंत घेता येतात; एकही घेतला नाही तरी चालतं. मी या कॅरॅक्टरला एकच सुचवतो: गुड नेचर्ड. बार्टर, मेडिसिन, रिपेअर, सायन्स आणि स्पीच यांत पाच-पाच वाढतात. गन्स, एनर्जी वेपन्स, एक्सप्लोझिव्ह्ज (स्फोटकं), मेली वेपन्स (सुरे, दांडके) आणि अनआर्म्ड (हाताची मारामारी) यांत पाच-पाच कमी होतात. शेवटच्या चार गोष्टी आपण सोडल्याच आहेत, म्हणून खरा तोटा फक्त गन्सचा. गन्स 33 वरून 28 होतं.

बदल्यात काय मिळतं बघा. स्पीच 32, रिपेअर 42. मेडिसिन आणि सायन्स टॅग न करता 27 वर जातात. गावावर पावडर गँगर्स या गुंडांच्या टोळीचा हल्ला व्हायच्या आधी डॉक मिचेलकडून जादा औषधं मिळवायला मेडिसिन 25 लागतं. ते आता आहे. सोप्या टर्मिनलला (कुलूपबंद कॉम्प्युटरला) सायन्स 25 लागतं, तेही आहे. गावातला ईझी पीट मात्र डायनामाइट देणार नाही, कारण त्याला एक्सप्लोझिव्ह्ज 25 हवं. ते दार आपण स्वतःच बंद केलं आहे, त्यावर हळहळू नका.

लेव्हल वाढली की पॉइंट कुठं घालू?

उंबरठे लक्षात ठेवा. अगदी सोपी सोडली तर कुलपं आणि टर्मिनल 25, 50, 75 आणि 100 वरच उघडतात. लॉकपिक (कुलूप उघडायचं स्किल) 40 आणि लॉकपिक 26 यांत कुलपासमोर काही फरक नाही. म्हणून एकदा हात घातला की पुढच्या उंबरठ्यापर्यंत न्या, नाहीतर हातच घालू नका.

आता मासिकं. गेममध्ये ठिकठिकाणी स्किल मासिकं सापडतात. एक वाचलं की ते स्किल एक मिनिटासाठी 10 नं वाढतं. लॉकपिक 40 असेल तर मासिक वाचून 50 चं कुलूप उघडतं. कॉम्प्रिहेन्शन पर्क घेतला तर 10 चे 20 होतात, मग 80 वर थांबूनही 100 चं कुलूप हाताशी येतं. मासिक आणि पुस्तक वेगळं, हे विसरू नका. पुस्तक कायमचे 3 पॉइंट देतं, या पर्कसोबत 4. म्हणून पर्क घेईपर्यंत सापडलेली पुस्तकं वाचू नका, जपून ठेवा.

आठव्या लेव्हलपर्यंतचा माझा हिशेब असा: सात वेळा 14 म्हणजे 98 पॉइंट. गन्स 28 वरून 60, स्पीच 50, रिपेअर 50, लॉकपिक 16 वरून 50. एवढ्याला 92 लागतात. एज्युकेटेडचे वेगळे. सनीनं शेकोटीजवळ हीलिंग पावडर करायला शिकवली की सुरुवातीचं औषधपाणी त्यावर भागतं, म्हणून मेडिसिनमध्ये एवढ्यात काही घालू नका.

पर्क कोणते?

दर दोन लेव्हलला एक मिळतो, म्हणजे 30 व्या लेव्हलपर्यंत पंधरा. सगळ्यांची यादी देत बसत नाही. दुसऱ्या लेव्हलला मुलीचं कॅरॅक्टर असेल तर ब्लॅक विडो, मुलाचं असेल तर कन्फर्म्ड बॅचलर. दोन्हींत पुरुष शत्रूंना 10 टक्के जास्त इजा होते. या वाळवंटातले बहुतेक शत्रू पुरुषच आहेत, लीजनची तर सगळी फौज. शिवाय बोलण्याच्या काही वेगळ्या वाटा उघडतात. चौथ्याला एज्युकेटेड, सहाव्याला कॉम्प्रिहेन्शन, आठव्याला स्ट्राँग बॅक (50 जास्त ओझं), दहाव्याला फिनेस (क्रिटिकलची शक्यता 5 टक्क्यांनी जास्त), चौदाव्याला जुरी रिगिंग. सोळाव्याला बेटर क्रिटिकल्स घ्यायचा असेल तर परसेप्शन 6 आणि लक 6 हवा. आपलं परसेप्शन पाच आहे. तो एक पॉइंट इम्प्लांटनं येईल.

मुलीचं कॅरॅक्टर घेतलं तर खेळ अवघड होतो का?

नाही. आकडे, ओझं, जीव, सगळं सारखंच. अंबाजोगाईच्या एका ताईनं विचारलं होतं, की लीजनसारख्या लोकांसमोर गोष्ट बदलते का. बायकांना ते कसं वागवतात हे गेम लपवत नाही, आणि त्यांचे काही लोक तुम्हाला ते तोंडावर ऐकवतात. त्यांना उत्तर द्यायची संधीही भरपूर मिळते.

गोळ्या लागतात, पण समोरच्याचा जीवच कमी होत नाही. कामून?

शत्रूच्या जिवाच्या पट्टीजवळ लाल ढाल दिसते का? मग तुमची गोळी त्याच्या चिलखताला भेदत नाही. चिलखताचा एक आकडा असतो, डॅमेज थ्रेशोल्ड. तो तुमच्या प्रत्येक गोळीतून वजा होतो. गोळीची इजा 20 आणि चिलखत 15 असेल तर 5 आत जातात. गोळी 12 ची असेल तर वजाबाकीत काहीच उरत नाही. तरी किमान 20 टक्के इजा होतेच.

म्हणून भराभर छोट्या गोळ्या सोडणारी बंदूक चिलखतवाल्यासमोर कमी पडते आणि संथ, जड रायफल कामाला येते. दारूगोळाही बदला: आर्मर पिअर्सिंग गोळ्या चिलखतवाल्यांसाठी, हॉलो पॉइंट उघड्या अंगाच्या जनावरांसाठी. उलट केलं तर दोन्ही वाया.

गुडस्प्रिंग्समधून सरळ उत्तरेला व्हेगासकडं निघालो अन् दोन मिनिटांत मेलो.

सगळे मरतात. उत्तरेच्या हमरस्त्यावर क्वारी जंक्शनला डेथक्लॉ हे राक्षसी प्राणी आहेत, आणि डोंगराच्या बाजूनं गेलात तर कझाडोर, म्हणजे विषारी मोठ्या माश्या. हे प्राणी तुमच्या लेव्हलप्रमाणे सौम्य होत नाहीत. व्हेगासचे दिवे समोर दिसत असले तरी वाट दक्षिणेकडून आहे: प्रिम, मोहावी आउटपोस्ट, निप्टन, नोव्हॅक, बोल्डर सिटी, मग व्हेगास. त्या वळशात तुमचं कॅरॅक्टर तयार होतं.

निप्टनमध्ये लीजनचा व्हल्पेस इन्कल्टा भेटेल. संताप येईल, यायलाच पाहिजे. पण त्या लेव्हलला त्याच्याशी लढू नका. ऐका, आणि पुढं जा.

पहिल्यांदाच हार्डकोर मोड लावू का?

लावा. अवघडपणा नॉर्मलवर ठेवा आणि हार्डकोर चालू करा. बहुतेक जण उलटं सांगतात, पण माझं मत पक्कं आहे.

हार्डकोरमध्ये तहान, भूक आणि झोप यांचे तीन आकडे वाढत जातात. कुठलाही 1000 ला पोचला की तुम्ही मरता. गोळ्यांना वजन येतं. स्टिमपॅक (जखमा भरणारं इंजेक्शन) लगेच बरं करत नाही, हळूहळू करतं. मोडलेला हात-पाय बरा करायला डॉक्टरची बॅग किंवा खरा डॉक्टर लागतो. साथीदार कायमचे मरू शकतात. हे सगळं असलं की वर ठरवलेल्या आकड्यांना अर्थ येतो. स्ट्रेंग्थ पाच का, रिपेअर का, याचं उत्तर सामान भरताना आपोआप मिळतं. गुडस्प्रिंग्सच्या विहिरींना किरणोत्सर्ग नसलेलं पाणी आहे; निघताना पोटभर प्या, आणि नकाशावर चांगल्या पाण्याच्या जागा लक्षात ठेवत चला.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा घरात घागरी मोजून ठेवलेल्या ज्यांनी पाहिल्या, ती पोरं आता हा गेम खेळतात. पाणी कुठं आहे हे आधी बघायचं, मग रस्ता धरायचा, ही सवय त्यांना शिकवावी लागत नाही. हार्डकोर त्यांना सोपाच जातो, असा माझा अनुभव आहे.

इंग्रजी कच्चं आहे. एवढं बोलणं समजेल का?

सेटिंगमध्ये सबटायटल चालू करा. संवाद निवडताना खेळ थांबलेला असतो, घाई कुणी करत नाही. प्रत्येक खास वाक्यापुढं कुठलं स्किल लागतं, तुमचं किती आणि हवं किती, ते लिहिलेलं असतं. स्किल कमी असेल तर वाक्यसुद्धा बावळट होऊन दिसतं. तेच वाक्य स्किल वाढवून परत वाचलं की पटवणारं बोलणं आणि उगीच बोलणं यांतला फरक इंग्रजीतही कळायला लागतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरांनी यावर इंग्रजी वाचायचा वेग वाढवलेला मी पाहिला आहे. अडलेला शब्द वहीत लिहा, लाजू नका.

माझा मुलगा दहावीत आहे. त्याला खेळू देऊ का?

ताई, नको. हा गेम मोठ्यांसाठीचा आहे. अमेरिकेतलं त्याचं रेटिंग 17 वर्षांवरच्यांसाठी, युरोपातलं 18 वर्षांवरच्यांसाठी. त्यात रक्तपात आहे, माणसांना क्रूसावर टांगलेलं दिसतं, नशा, जुगार आणि वेश्याव्यवसाय आहे. लिखाण गंभीर आहे, उथळ नाही. तरी वय व्हायला हवं. बारावी झाली, वय झालं, की तोच तुम्हाला गोष्ट सांगेल. तेव्हा ऐका.

कॅरॅक्टर चुकलं असं वाटतंय. परत पहिल्यापासून?

गुडस्प्रिंग्सची हद्द पहिल्यांदा ओलांडताना गेम स्वतः विचारतो, की काही बदलायचं आहे का. नाव, गुण, टॅग, ट्रेट, सगळं तिथं बदलता येतं. त्या जागेच्या अलीकडं एक वेगळा सेव्ह करून ठेवा. दुसरं कॅरॅक्टर करायचं झालं तर तिथूनच सुरू करता येतं, परत डॉक मिचेलच्या खाटेवरून उठावं लागत नाही.

साथीदार कुणाला घेऊ?

एका वेळी दोन: एक माणसासारखा, एक यंत्र किंवा कुत्रा. प्रिममध्ये ईडी-ई नावाचा उडता रोबोट मोडून पडलेला असतो. पुरेसं रिपेअर किंवा सुटे भाग असतील तर तो तुमचा. लांबून येणारे शत्रू तो आधी दाखवतो. नोव्हॅकला रात्री डायनासोरच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या तोंडात बून नावाचा नेमबाज पहारा देत असतो. त्याचं काम करून दिलंत तर या वाळवंटातला उत्तम नेमबाज सोबत येतो. फक्त तो लीजनचा माणूस दिसताक्षणी गोळी घालतो, त्यामुळं लीजनशी बोलणी करायची असतील तेव्हा त्याला मागं ठेवा.

मध्येच लाईट जाते, किंवा गेम बंद पडतो. काय करू?

एफ5 नं क्विकसेव्ह, एफ9 नं परत. पण क्विकसेव्हवर एकट्यावर विसंबू नका, दर तासाला मेनूत जाऊन वेगळा सेव्ह करा. सेव्ह चालू असतानाच वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. आधीची शाबूत असली पाहिजे. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्याच.

गेम आपोआप बंद पडतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे तो 32 बिटचा आहे आणि मूळ रूपात 2 जीबीच मेमरी वापरतो. खेळणाऱ्यांनीच बनवलेला 4 जीबी पॅच लावला की बराच फरक पडतो. नेट गेलं तर स्टीमचा ऑफलाइन मोड आहे.

जादा कथा कधी सुरू करू?

डेड मनी, ऑनेस्ट हार्ट्स, ओल्ड वर्ल्ड ब्लूज आणि लोनसम रोड, अशा चार. प्रत्येकीनं कमाल लेव्हल पाचनं वाढते, 30 ची 50 होते. डेड मनी लवकर सुरू करू नका: तिथं तुमचं सगळं सामान काढून घेतात आणि अर्ध्यावरून परत फिरता येत नाही. विसाव्या लेव्हलच्या आसपास जा.

इम्प्लांटचं काय? ते राहिलं.

व्हेगासच्या बाहेर न्यू व्हेगास मेडिकल क्लिनिक आहे, डॉक्टर उसानागी यांचं. गुण एकानं वाढवणारं प्रत्येक इम्प्लांट 4,000 कॅप्सना. आपला एन्ड्युरन्स 6, म्हणून सहा बसतात. पहिला इंटेलिजन्सचा घ्या, कारण तो जितका लवकर तितके स्किल पॉइंट जास्त. दुसरा परसेप्शनचा, बेटर क्रिटिकल्ससाठी. मग स्ट्रेंग्थ, ॲजिलिटी, लक. एन्ड्युरन्सचाच इम्प्लांट घेतला तर मर्यादा सातवर जाते, पण एक जागा तोच अडवतो. त्वचेखालचं चिलखत 8,000 ला मिळतं. कॅप्स जमले तर सहाव्या जागी मी ते घेईन.

हे क्लिनिक स्ट्रिपच्या (व्हेगासमधल्या कॅसिनोंच्या बंदिस्त भागाच्या) दाराबाहेर आहे, तिथं जायला पास लागत नाही. स्ट्रिपच्या आत जायला मात्र रोबोट 2,000 कॅप्स जवळ आहेत का ते बघतो. ते दाखवायचे असतात, द्यायचे नसतात. म्हणून आधी स्ट्रिपमध्ये जा, ब्लॅकजॅक खेळा आणि मग क्लिनिकला या.